आचाऱ्याची यादी आणि ३२.१

सप्टेंबर आला की उन्हाळा संपला, असं दोह्यात फक्त कॅलेंडर म्हणतं. हवा काही म्हणत नाही. उलट याच दिवसांत समुद्रावरची दमट हवा अशी काही येऊन बसते की सकाळी आठला दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. तीनेक वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी नऊच्या सुमारास मला एका बांधकामाच्या जागेवरून फोन आला. बोलणारा फोरमन केरळचा. म्हणाला, "साब, स्क्रीन तो हरा है, लेकिन इधर आदमी खडा नहीं हो सकता."

स्क्रीन आमचा होता. म्हणजे त्यामागचं सॉफ्टवेअर आमचं, आणि त्यातला हिरवा की लाल हे ठरवणारा भाग तर माझ्या एकट्याचा.

थोडं समजावून सांगतो. उन्हात काम करणाऱ्या माणसाला किती त्रास होतोय हे नुसत्या तापमानावरून कळत नाही. नागपूरच्या बेचाळीस अंशांत घाम निदान वाळतो, मुंबईच्या पस्तिसात तो अंगावरच राहतो. म्हणून डब्ल्यूबीजीटी नावाचा एक आकडा काढतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचे ७० टक्के, काळ्या गोळ्यात बसवलेल्या तापमापकाचे २० टक्के आणि सावलीतल्या साध्या तापमापकाचे १० टक्के, अशी ती बेरीज. अमेरिकेत मरीन सैनिकांना प्रशिक्षणात उष्माघात होऊ नये म्हणून १९५० च्या दशकात हे सूत्र निघालं आणि आता जगभर वापरतात. कतारमध्ये २०२१ साली कामगार खात्याने नियम केला, की हा आकडा ३२.१ अंशांच्या वर गेला तर उघड्यावरचं काम थांबवायचं, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत.

ही बेरीज करून निकाल सांगणारा छोटासा कोड मी लायब्ररी म्हणून लिहिला होता. प्रोग्रॅमरांच्या भाषेत लायब्ररी म्हणजे एकदा लिहून ठेवलेलं काम. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमने ते उचलावं आणि वापरावं. ३२.१ ही मर्यादा मी कोडमध्ये न लिहिता शेजारच्या एका सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवली होती, आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. आकडे कोडमध्ये पुरून ठेवू नयेत हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

मग झालं काय? माझी लायब्ररी दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये, दुसऱ्या मशीनवर गेली. तिथे ती आपली फाइल शोधायला लागली. फोल्डर वेगळा, त्यामुळे फाइल सापडली नाही. सापडली नाही तर काय करायचं हेही मीच लिहून ठेवलं होतं: गुपचूप डिफॉल्ट आकडा घ्यायचा. तो डिफॉल्ट होता ३५. प्रयोगशाळेत चाचणी घेताना कधीतरी टाकलेला आणि विसरलेला. त्या सकाळी जागेवर ३३ च्या पुढे आकडा होता आणि स्क्रीन निवांत हिरवा. फोरमनने स्वतःच्या अकलेने माणसं सावलीत बसवली म्हणून निभावलं. माझ्या अकलेवर विसंबला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी फार करत नाही.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते मी दिसेल त्याला ऐकवत असतो. लायब्ररीने आपली सेटिंग्ज स्वतः शोधत फिरू नये. तिला जे लागतं ते वापरणाऱ्या प्रोग्रॅमने तिच्या हातात द्यावं.

आपल्याकडे लग्नाचा आचारी काय करतो? आधी यादी देतो. तांदूळ इतका, तूप इतकं, गूळ इतका. सामान यजमान आणतो, कारण माणसं किती येणार, कोणाला गोड किती चालतं आणि खिशात किती आहे हे यजमानालाच ठाऊक. कार्याच्या दिवशी तूप नसेल तर आचारी आरडाओरडा करतो. यजमानाच्या घरात शिरून डबे उघडत बसत नाही, आणि मागच्या लग्नातलं उरलेलं डालडा कोणाला न सांगता ओतत नाही. माझ्या लायब्ररीने नेमक्या याच दोन्ही गोष्टी केल्या होत्या.

हे शहाणपण माझं एकट्याचं नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉटनेटमध्ये लायब्ररीच्या डीएलएलशेजारी तिची स्वतंत्र सेटिंगची फाइल ठेवली, तरी चालताना वाचली जायची ती मुख्य प्रोग्रॅमचीच. नवशिके यावर डोकं आपटायचे, मीही आपटलं आहे. आता वाटतं, बरोबरच होतं ते. पायथॉनच्या माहितीपत्रकात तर लायब्ररी लिहिणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं आहे, की नोंदी कुठे लिहायच्या हे तुम्ही ठरवू नका, ते वापरणाऱ्यावर सोडा.

आणि सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर एक्सेल घ्या. कामाचे दिवस मोजणारं त्याचं जुनं फंक्शन शनिवार-रविवार सुट्टी गृहीत धरून चालायचं. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार. म्हणजे प्रत्येक हिशेब चुकायचा. एक्सेल २०१० मध्ये नवं फंक्शन आलं. त्यात सुट्टी कोणती हे तुम्ही सांगायचं, शुक्रवार-शनिवारसाठी ७ हा आकडा. शेजारच्या अमिरातीने २०२२ च्या जानेवारीपासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर नेली, तेव्हा ७ च्या जागी १ लिहून काम भागलं. मोजण्याची रीत तीच राहिली, बदलला तो देशाचा निर्णय. रीत लायब्ररीची, निर्णय बाहेरचा.

तुम्ही म्हणाल, मग डिफॉल्ट नकोतच का? प्रत्येक वेळी वीस गोष्टी कोण भरणार? हा आक्षेप खरा आहे. दशांशानंतर किती आकडे दाखवायचे, अक्षरं कोणत्या रंगाची, इथे खुशाल डिफॉल्ट ठेवा. चुकला तर फार तर स्क्रीन वाईट दिसेल. पण ज्या आकड्याच्या चुकीची किंमत भलताच माणूस मोजणार आहे, तिथे डिफॉल्ट म्हणजे आपण न विचारता घेतलेला निर्णय. तिथे प्रोग्रॅम सुरूच होऊ नये.

अजून एक गोष्ट मी उशिरा शिकलो. नुसता आकडा पुरत नाही, तो कधीपासूनचा हेही लागतं. कतारमध्ये दुपारच्या कामाची बंदी २००७ पासून १५ जून ते ३१ ऑगस्ट, साडेअकरा ते तीन अशी होती. २०२१ मध्ये ती १ जून ते १५ सप्टेंबर, दहा ते साडेतीन झाली. आता २०१९ च्या नोंदी तपासायच्या असतील तर नियम जुनाच लावायला हवा. सेटिंगची फाइल बदलून जुना आकडा पुसला, की कालचा हिशेबही आजच्या मापाने होतो. म्हणून माझ्या यादीत आता प्रत्येक मर्यादेपुढे देश आणि तारीख असते.

नव्या आवृत्तीत मर्यादा दिली नाही तर स्क्रीन हिरवाही होत नाही आणि लालही होत नाही. "मर्यादा दिलेली नाही" एवढंच लिहून थांबतो. मागच्या महिन्यात एक सहकारी वैतागून आला. म्हणाला, "अरे, तुझी लायब्ररी चालूच होत नाही. कुठलाही एक आकडा टाक ना आत!" मी विचारलं, "कोणत्या देशाचा? कोणत्या तारखेपासूनचा?" तो गप्प झाला, आणि नियमाचा कागद शोधायला गेला.

मला तेवढंच हवं होतं.