खिशातला चाकू: उघडतो किती झटकन ते नका पाहू, मिटतो कसा ते पाहा



आज फवारणी नाही, बाजारभाव नाही. आज खिशातल्या घडीच्या चाकूबद्दल माझं मत सांगतो. पोत्याची सुतळी असो की ठिबकची नळी, वावरात तोच कामी येतो. घेताना मात्र आपण धार पाहतो अन् किंमत पाहतो. लॉक कोणी पाहत नाही.

सुतळी कापताना जोर धारेवर असतो, म्हणून पातं उघडंच राहतं. पण टोकानं नळीला भोक पाडताना किंवा सालीत अडकलेलं टोक हलवून काढताना जोर पात्याच्या पाठीवर येतो. पातं मिटतं ते तेव्हाच, अन् खाली आपलीच बोटं असतात.

*१) बिनलॉकचा:* पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उभं. सुतळी, फळ कापायला ठीक. टोचायच्या कामाला नको.

*२) बाजूच्या पट्टीचा:* मुठीच्या आतली पट्टी सरकून पात्यामागं अडते. एका हातानं उघडतो, मिटतो. पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो.

*३) पाठीच्या लॉकचा:* मुठीच्या पाठीवर दाबलं की सुटतो. बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत. खाचेत काळी माती बसली तर लॉक पूर्ण बसत नाही, म्हणून ब्रशनं साफ ठेवा.

*४) कड्याचा:* फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला हे कडं १९५५ पासून आहे. साधं अन् भक्कम. पण ते आपणच फिरवायचं; विसरलं तर लॉक नाहीच. लाकडी मूठ भिजून फुगली की पातं जाम होतं.

माझं मत: वावरासाठी पाठीच्या लॉकचा घ्या. "मिटायला दोन हात लागतात" अशी तक्रार येईल. मी म्हणतो, लागू द्या. दोन हात लावले की माणूस घाई सोडून चाकूकडं पाहतो. एका हाताची सोय चांगली, पण बोटापेक्षा मोठी नाही.

✅ दुकानातच तपासा: पातं उघडलं की 'टक' आवाज आला पाहिजे. मग बोटं मुठीच्या दोन्ही बाजूंना ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवा अन् हळूहळू दाबा. पातं हललं तर तो चाकू परत ठेवा.

❌ लॉक आहे म्हणून चाकूवर सगळा भार टाकू नका. नळीला भोक पाडायला पंच, फांदीला सिकेटर.

🩹 कापलंच तर धुऊन स्वच्छ कापडानं दाबून धरा. हळद, चुना, माती भरू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. बोट वळत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी सावंगी किंवा सेवाग्राम गाठा.

आज घरी गेल्यावर आपला चाकू एकदा उघडून पाहा. यातला कोणता आहे?

– आपला कृषी सल्लागार, बोरगाव मेघे