पाण्याने सगळेच शुद्ध होत नाही

बाहेरून आले की आधी पाय धुवायचे, फळ आणले की धुवायचे, डोळ्यात कचरा गेला की पाण्याचा हबका मारायचा. पाणी म्हणजे शुद्धी हा संस्कार घेऊनच मी गावाहून वसतिगृहात आले. आणि त्याच संस्काराने माझा डोळा धोक्यात आणला.

स्नेहसंमेलनातील नाटकासाठी मी कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. दुकानदाराने त्या घालायच्या-काढायच्या कशा ते दाखवले, आणि ‘बाकी कागदावर आहे’ म्हणून सांगितले. कागद इंग्रजीत, अक्षरे मुंगीएवढी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. विचारले तर गावंढळ ठरेन, या भीतीने मान डोलावून परतले. सोल्यूशन महाग, म्हणून डबीतल्या जुन्यातच थोडे नवे ओतायचे आणि डबी नळाखाली विसळायची, अशी माझी काटकसर. काही महिन्यांनी डोळा लाल झाला, उजेड सोसवेना. डॉक्टर म्हणाल्या, “वेळेवर आलीस म्हणून बरे.”

त्यांच्याकडून कळले की नळाच्या, विहिरीच्या, नदीच्या पाण्यात अॅकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. लेन्सबरोबर तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरला तर असह्य वेदना होतात, दृष्टीही जाऊ शकते. 1980 च्या दशकात अमेरिकेत असे रुग्ण वाढले, तेव्हा त्यांतले अनेकजण मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून घरीच सलाईन करणारे निघाले. काटकसर तिथेही होतीच!

नियम तसे सोपे आहेत. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. लेन्स तळहातावर ठेवून ताज्या सोल्यूशनने बोटाने हलकेच चोळावी, सोल्यूशननेच धुवावी. डबीतले जुने सोल्यूशन रोज फेकावे. डबीही सोल्यूशननेच विसळून, पुसून, झाकणे काढून पालथी वाळवावी आणि तीन महिन्यांत बदलावी. पाणी, मग ते उकळलेले का असेना, लेन्सला लावू नये. थुंकी तर नाहीच नाही. साध्या सलाईनने जंतू मरत नाहीत. आंघोळीपूर्वी, पोहण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी लेन्स काढाव्यात. डोळा लाल झाला, दुखू लागला, तर लेन्स काढून सरळ डॉक्टरांकडे जावे.

कोणी म्हणेल, परवडत नाही तर हा शौक कशाला? हे मला अर्धे पटते. सोल्यूशनमध्ये बचत करावी लागत असेल तर चष्मा बरा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण उरलेला अर्धा दोष कोणाचा? ज्याची नजर अधू, त्याच्या हाती परक्या भाषेतील बारीक अक्षरांचा कागद देणे ही कसली जबाबदारी? वस्तू मराठीत विकता येते, तर धोकाही मराठीत सांगता आला पाहिजे. आणि आपणही न समजल्याचे लपवण्याची सवय सोडली पाहिजे. वर्गात न विचारलेला प्रश्न फार तर गुण घालवतो. दुकानात न विचारलेला प्रश्न डोळा घालवू शकतो.

सुट्टीत आईने विचारले, “अगं, पाण्याने का धूत नाहीस ते?” मी तो कागद मराठीत सांगितला. शाळा न पाहिलेल्या माझ्या आईला तो एका दमात कळला. म्हणजे अडचण अकलेची नव्हतीच, भाषेची होती. तोच कागद आता मोठ्या अक्षरांत लिहून मी वसतिगृहाच्या फलकावर लावला आहे.