वेण्णाकाठची पांढरी पहाट



आमचे हे वाशीच्या फळबाजारात माथाडी कामगार आहेत. थंडीच्या दिवसांत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची खोकी रोज त्यांच्या हातांतून जातात. "ही पिकते तरी कुठे, एकदा बघून येऊ," असे ते किती वर्षे म्हणत होते. अखेर गेल्या जानेवारीत टोळीतून दोन दिवसांचा खाडा केला आणि मुलांना घेऊन आम्ही तुर्भ्याहून निघालो.

पनवेल, पोलादपूर आणि मग आंबेनळी घाट. एसटी जसजशी वर चढू लागली तसतशी थंडी अंगात शिरू लागली. आपल्या नवी मुंबईच्या घरांत स्वेटर कुठले असायला! शेजारच्या वहिनींनी दिलेले दोन मुलांच्या अंगात घातले. आम्ही दोघे चादरी गुंडाळून बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे वेण्णा तलावावर गेलो. बोटींच्या धक्क्याच्या फळ्या, काठचे गवत, उभ्या मोटारींचे टप, सारे पांढरेशुभ्र! धाकटी ओरडली, "आई, बर्फ पडला!" बाजूचे एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "देवाची करणी!" थोरल्याने मात्र विचारले, "पडला, तर मग झाडाखालच्या गवतावर का नाही?"

प्रश्न अगदी बरोबर होता. महाबळेश्वरला बर्फ पडत नाही. काश्मीरात तो ढगांतून पडतो, इथे मात्र जमिनीलगतचे दवच गोठते. ढग म्हणजे जमिनीची गोधडी. आभाळ निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. झाडाखाली फांद्यांचेच पांघरूण असते, म्हणून तिथले गवत हिरवे राहते. थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत येऊन तलावाकाठच्या आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात साचते. त्यामुळे गावात पारा 6-7 अंशांवर असला, तरी इथल्या गवताच्या पात्यांवर शून्याखाली जातो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंच आहे. आपल्या खाडीकाठी दमट हवेमुळे रात्र इतकी गारठत नाही.

हा तलावसुद्धा निसर्गाने केलेला नाही. साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी 1842 साली तो बांधून घेतला. मातीदगड वाहिले ते मजुरांनीच.

परतताना रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे वाफे दिसले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या बाया ओणव्याने फळे खुडत होत्या. पाने पांढरी, पाय उघडे. ऊन चढण्याआधी फळ काढले तर ते टिकते, म्हणून त्यांचा दिवस ऐन गारठ्यात सुरू होतो. काही पर्यटक वाफ्यांत शिरून पानांवरचे हिमकण खरवडत होते आणि फोटो काढत होते. मी एका मावशींना म्हटले, "छान दिसतंय हो." त्या वर न बघताच बोलल्या, "पोरास्नी मजा वाटती, बाय. पर फूल करपलं की फळ न्हाई, अन् फळ न्हाई की आमचा रोज न्हाई."

ह्यांनी विचारले, "मावशी, ही खोकी वाशीला येतात का?"

"येत असतील की. आमी काय कवा बघितलीया व्हय ममई?"

"मी उतरवतो ती," हे म्हणाले. तेव्हा कुठे मावशींनी मान वर केली. सुजलेल्या बोटांनी दोन फळे उचलून त्यांनी मुलांच्या हातावर ठेवली. पैसे घेतले नाहीत.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले. फळाला नाव मिळाले हे चांगलेच झाले. खुडणारीला निदान हातमोजे आणि पायांत बूट मिळावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

येत्या थंडीत तुम्हीही जरूर जा. सूर्य वर आला की तासाभरात सारे विरघळते, तेव्हा पहाटेच निघा. लेकरांचे कान झाका. वाफ्यांत मात्र पाय ठेवू नका, तिथे कुणाचा तरी रोज उगवलेला असतो.