ट्रॉफी ठेवा, एक तास द्या

गेल्या महिन्यात तिरोड्याहून एका मुलाचा फोन आला. त्याचा मोठा भाऊ आणि मी गोंदियात एका वर्गात होतो, एवढीच ओळख. कॉम्प्युटर शाखेची पदवी मिळून दोन वर्षं झालेली, चार मुलाखती दिल्या, चारही ठिकाणी नकार. थोडं इकडचं तिकडचं बोलून त्यानं मूळ प्रश्न विचारला, "भाई, सच बताओ, नाम देखकर ही काट देते हैं ना?"

"हो" म्हटलं असतं तर त्याचा जीव हलका झाला असता. "नाही" म्हणणं खोटं ठरलं असतं. मी उलट विचारलं, शेवटच्या मुलाखतीत तुला काय काय विचारलं? त्याला दोन प्रश्न आठवले. मुलाखत चाळीस मिनिटं चालली होती.

नावाचा अडथळा खरा आहे, हे आधी स्पष्ट बोलू. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं कमी आलं, मुस्लिम नावाला त्याहून कमी. 2022 मध्ये लेडबाय फाउंडेशननं हबीबा अली आणि प्रियंका शर्मा अशा दोन काल्पनिक मुली तयार केल्या. बायोडेटा सारखाच, एक हजार नोकऱ्यांसाठी दोघींचे अर्ज. प्रियंकाला 208 ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला 103. आणि 2015 च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका एमबीए तरुणाला हिऱ्यांच्या निर्यातदार कंपनीकडून मुस्लिमांना घेत नाही असं लेखी उत्तरच आलं होतं. बोभाटा झाल्यावर ती चूक एका शिकाऊ कर्मचाऱ्याची ठरली.

त्यामुळे "टॅलेंट असेल तर कोणी अडवत नाही" असं स्टेजवरून सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. हबीबा आणि प्रियंकाचं टॅलेंट तर अक्षरशः एकच होतं. सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला राज्यघटनेचं कलम 16 मनाई करतं, पण खासगी कंपन्यांना बांधून ठेवेल असा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. सच्चर समितीनं 2006 मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग आजही झालेला नाही. त्यासाठी भांडायलाच हवं, आणि ते भांडण नागरिक म्हणून आपल्या सगळ्यांचं आहे.

पण मला तो आकडा दुसऱ्याच कारणानं आठवत राहतो. 103 म्हणजे शून्य नव्हे. 103 दारं उघडली, आणि अभ्यास तिथंच थांबला, कारण हबीबा खरी नव्हती. खऱ्या हबीबाला त्यानंतर खुर्चीत बसून बोलायचं असतं. तिथं काय होतं, हे मी आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं बघतो, आणि आपली मुलं माझ्यासमोर येतात तेव्हा पोटात गोळा येतो.

माझी स्वतःची पहिली मुलाखत पुण्यात होती. महाराष्ट्र एक्स्प्रेसचा स्लीपर, अंगात अब्बांचा इस्त्री केलेला शर्ट. "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर मी वडिलांचं नाव, गाव, भावंडं, दहावी-बारावीचे टक्के आणि छंद क्रिकेट, असं पाठ केलेलं इंग्रजी एका दमात म्हणून टाकलं. मग त्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काढला. तो आम्ही चौघांनी वर्गणी करून नागपूरच्या एका दुकानातून तयार घेतला होता. "डेटाबेसमधल्या या दोन टेबलांचा संबंध असा का ठेवलात?" मी नुसता बघत राहिलो. आठवड्यानं नकार आला. मोहल्ल्यात मी सांगितलं, नाव बघून काढलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, अम्मीनं कंपनीला चार शिव्या हासडल्या. मी खोटं बोलत होतो आणि मला ते माहीत होतं. त्या खोट्यावर मी जवळजवळ वर्षभर आरामात झोपलो. पुस्तक उघडलं नाही.

मला उठवलं ते नागपूरच्या एका आंबेडकरी सीनियरनं. त्यांच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासिका होती आणि दर रविवारी तिथं नोकरीला लागलेली दोन-चार माणसं यायची. बँकेतला एक, रेल्वेतला एक, टीसीएसमधला एक. खुर्ची मांडायची, एकानं बसायचं, बाकीच्यांनी फाडून खायचं. ना हार, ना माईक. पहिल्या रविवारी मला तिथं घाम फुटला. सीनियरनं एकच शिस्त लावली: मुलाखतीतून बाहेर आलास की चहा प्यायच्या आधी वहीत लिही, काय विचारलं आणि तू काय बोललास.

त्या वहीचा खरा उपयोग पुढं कळला. एका ठिकाणी तांत्रिक दोन्ही फेऱ्या मस्त गेल्या. शेवटच्या फेरीत साहेबांनी विचारलं, शुक्रवारी दुपारी काही अडचण नाही ना? मग, टीममध्ये सगळे मिळून जेवतात, तुम्हाला जमेल ना? त्यानंतर उत्तरच आलं नाही. वहीत माझी सगळी उत्तरं बरोबर होती. तेव्हा पहिल्यांदा मी शांतपणे म्हणू शकलो की इथं मी कमी पडलो नाही. दुसऱ्या सकाळी पुढचा अर्ज टाकला.

आपल्याकडे असे रविवार का नाहीत? काही जण म्हणतील गरिबी. विहारातली ती मुलं काही श्रीमंत नव्हती. मला कारण वेगळं दिसतं. आपल्या घरांत काम मिळतं ते बोलून नाही. गॅरेज असो, बेकरी असो, शिलाईचं दुकान असो, चाचा म्हणतात, "कल से आ जा." हात बघतात, आठ दिवसांत कळतं पोरगा कामाचा आहे की नाही. स्वतःबद्दल चार वाक्यं बोलणाऱ्याला आपण फुशारक्या मारणारा म्हणतो. मोठ्यांसमोर नजर खाली, ही अदब. मुलाखतीत नेमकं उलटं हवं असतं: समोर बघ, "मी" म्हण, काय केलंस ते सांग, जमलं नाही तेही सांग. बँक अधिकाऱ्याच्या घरातलं पोर नोटीस पीरियड आणि अप्रेझल हे शब्द जेवताना ऐकत मोठं होतं. आपलं पोर ते पहिल्यांदा एचआरच्या तोंडून ऐकतं. यात बुद्धीचा प्रश्नच नाही. सवयीचा आहे, आणि सवय कुणीतरी लावावी लागते.

त्याऐवजी आपण करतो काय? गुणगौरव सोहळा. दरवर्षी निकाल लागले की हॉल, बॅनरवर वीस फोटो, प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा, पंच्याऐंशी टक्केवाल्यांना ट्रॉफी, आणि "इल्म हासिल करो" यावर भाषण. मीही एकदा पाहुणा होतो, शाल घेतली, बिर्याणी खाल्ली, रात्रीची गाडी पकडली. समोर बसलेल्यांपैकी एकालाही मी प्रश्न विचारला नाही. आमचा, म्हणजे पुणे, हैदराबाद, दुबईत बसलेल्यांचा हा खरा गुन्हा आहे. गावात गेलो की पगाराचा आकडा बरोबर कानोकानी पोचवतो. गावाहून फोन आला की मीटिंगमध्ये असतो.

एका तासात बरंच होतं. फ्रेशर असेल तर त्याला प्रोजेक्ट आधी घरच्या बोलीत सांगायला लावा. घरी हिंदी, शाळेत मराठी आणि मुलाखतीत इंग्रजी, ही आपल्या गोंदियातल्या बहुतेकांची कसरत आहे. हिंदीत सांगता आलं नाही तर अडचण इंग्रजीची नाही, काम समजलेलं नाही. "आम्ही केलं" म्हणाला की थांबवा: तू काय केलंस? येत नसेल तर "हे मला येत नाही, पण मी असा शोध घेईन" हे वाक्य मोठ्यानं म्हणून घ्या. लाजतात. मी स्वतः उमेदवार तपासतो तेव्हा या वाक्याला गुण देतो.

अनुभवी उमेदवारांची दुखणी निराळी. खोट्या अनुभवाचं पत्र विकणाऱ्या कन्सल्टन्सीच्या नादी लागलेले दोघं मला माहीत आहेत. पीएफच्या यूएएन खात्यात तुम्ही कुठं, कधीपासून कधीपर्यंत होता याची नोंद असते, आणि पार्श्वभूमी तपासणीत बऱ्याच कंपन्या ती मागतात. रुजू झाल्यावर काढलं तर पुढचं दार आणखी जड होतं. त्यापेक्षा वर्षभर अब्बांच्या आजारपणात घरी होतो, हे सरळ सांगा आणि त्या वर्षात जे शिकलात ते दाखवा. जुनी नोकरी का सोडली, याचं उत्तर जुन्या साहेबांच्या निंदेशिवाय देता येतं का, ते घरीच म्हणून बघा.

आता मुलींबद्दल, कारण तिथं दोष बाहेरच्यांवर ढकलायची सोय नाही. लेडबायच्या दोन्ही काल्पनिक उमेदवार मुली होत्या. खऱ्या हबीबाला पुण्याहून बोलावणं येतं तेव्हा आमगावच्या घरात पहिला प्रश्न असतो, सोबत कोण जाणार? मग भावाला सुट्टी नाही, अब्बांची तब्येत बरी नाही, आणि पुढच्या महिन्यात बघायला पाहुणे येणारच आहेत. लग्नाच्या हॉलला जी रक्कम मोजतो, तिच्यात दोन माणसांची किती तिकिटं येतील, याचा हिशोब अब्बांनी एकदा करावा. उघडलेलं दार आतून लावून घेणारेही आपल्यातच आहेत. आणि कंपनीनं "लग्न कधी?" विचारलं तर काय म्हणायचं, याची तयारी तिच्याकडून घरातल्या बायकांनी करून घ्यावी. माझी बहीण म्हणायची, "कामाचं विचारा, त्याचं सविस्तर सांगते." हसून म्हणायची. दोनदा चाललं, एकदा नाही चाललं.

तिरोड्याच्या त्या मुलाबरोबर आता दर रविवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल असतो. पहिल्या वेळी त्यानं वडिलांच्या नावापासून सुरुवात केली, मी माझ्या शर्टाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या वेळी लाइट गेली, तर टॉर्चच्या उजेडात बसला. परवा त्याची पाचवी मुलाखत झाली. निकाल यायचा आहे. संध्याकाळी त्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला, त्यावर अकरा प्रश्न होते, आणि सातव्यासमोर लिहिलं होतं, "इथं चुकलो."

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी माझा नंबर आणि रविवारची वेळ टाकली आहे. आठ जणांनी विचारलं, त्यात तीन मुली. मला एका रविवारी दोघंच झेपतात. उरलेल्या सहा जणांसाठी माझ्या बॅचमधले तिघं पुरेत. ते तिघंही त्याच ग्रुपवर आहेत, आणि त्यांनी मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा मला दिसतात.