मुलाखत की वकिली?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटायच्या वेळी एक तरुण माइक आणि कॅमेरा घेऊन आमच्या फाटकाशी आला. यूट्यूबवर आपले चॅनेल आहे म्हणाला. बोलायला अदबशीर. "मॅडम, उर्दू शाळांबद्दल लोकांच्या मनात फार गैरसमज आहेत, ते दूर करायचेत," असे त्याने सांगितले आणि मी भुलले. रिकाम्या वर्गात बसून चाळीस मिनिटे बोलले. पाठ्यपुस्तके कधी हाती येतात, उर्दूतून विज्ञान शिकवणारा शिक्षक मिळणे किती अवघड आहे, आमची मुले मराठीच्या तासाला कुठे अडखळतात, आठवीनंतर मुली शाळेतून का गळतात, सगळे सांगितले. तो मान डोलवत होता. निघताना, कॅमेरा चालूच असताना, त्याने विचारले, "शेवटचा प्रश्न. तुमच्याकडे राष्ट्रगीत होतं का?"

मला हसूच आले. रोज सकाळी परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची प्रास्ताविका म्हणून घेणारी बाई मीच! मी म्हटले, "रोज होतं. हा प्रश्न तुम्ही पलीकडच्या मराठी शाळेत विचारलात का?"

व्हिडिओ आला तो सत्तर सेकंदांचा. त्यात त्याचा प्रश्न होता, माझे हसू होते आणि तिथेच कात्री. राष्ट्रगीताचे नाव काढताच उर्दू शाळेची बाई हसली, असा मथळा. खालच्या प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला. आमच्या शाळेत राष्ट्रगीत होते, हे मला कागदावर लिहून, खाली सही करून द्यावे लागले.

इथवर वाचून आपल्यापैकी अनेकांचे रक्त उसळले असेल. पण गोष्ट इथे संपत नाही. आठ दिवसांनी दुसरा तरुण आला. हा आपला. त्याचेही चॅनेल. "बाजी, आपण त्यांना जवाब देऊ," म्हणाला. मी आनंदाने बसले. झालेला अन्याय सांगितला. मग म्हटले, मुलींच्या गळतीबद्दलही बोलते. त्यात सरकारचा दोष आहे तसा आपल्या घरांचाही आहे. त्याने हात जोडले. "ते नको, बाजी. त्याने आपलीच बदनामी होते." मी तरी बोलले. त्याने ते कापले. हा व्हिडिओ मोहल्ल्यात घरोघर फिरला. लोकांनी मला कौमची बेटी म्हटले, दुआ दिल्या. मूळ मुलाखतीत मी आणखी काय बोलले होते, असे एकानेही विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर मीही कुणाला सांगितले नाही. स्तुती गोड लागते.

पहिल्याने माझे उत्तर कापले, दुसऱ्याने माझा सवाल कापला. पहिल्या कात्रीला आपण माध्यमांचा पूर्वग्रह म्हणतो. दुसरीला काय म्हणायचे? मला आज भांडायचे आहे ते आपल्या या ऐकण्याच्या सवयीशी. दुसऱ्याच्या मुलाखतीतला पक्षपात आपल्याला मैलावरून दिसतो, आणि आपल्या माणसाच्या मुलाखतीतला पक्षपात आपल्याला इन्साफ वाटतो.

उर्दूत मुलाकात म्हणजे भेट. हाच शब्द मराठीत आला आणि त्याला प्रश्नोत्तरांचा अर्थ चिकटला. पण मुलाखत ही दोघांची भेट कधीच नसते. तिसरा ऐकणारा असतो. मुलाखत घेणारा हा त्या तिसऱ्याचा वकील असायला हवा. ऐकणाऱ्याच्या मनात येईल ती शंका त्याने पाहुण्यापुढे ठेवायला हवी. आजच्या बहुतेक पॉडकास्टमध्ये तो पाहुण्याची वकिली करतो, किंवा आपल्या प्रेक्षकांच्या रागाची. दोन्हीत त्याचा फायदा आहे. जितके जास्त लोक बघतात तितक्या जाहिराती, आणि लोक तेच पुन्हा बघतात जे त्यांना आधीच पटलेले असते. यूट्यूबही तुम्ही काल काय पाहिले ते ध्यानात ठेवून आज तसलेच पुढे करते. असे महिनाभर चालले की माणसाला वाटू लागते, सारी दुनिया आपल्यासारखाच विचार करते आहे.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि दोन दोन तासांच्या मुलाखती रिक्षात, दुकानात, स्वयंपाकघरात पोहोचल्या. याचा फायदा नाही असे मी म्हणणार नाही. ज्यांना वर्तमानपत्रात चार ओळींची जागा मिळत नव्हती ते तासभर बोलू लागले. पण त्याबरोबर एक गैरसमजही आला. इतका वेळ बोलला, मध्ये कात्री लागली नाही, म्हणजे खरेच बोलला असणार! कात्री हा काही मोठा गुन्हा नाही. १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट यांनी अमेरिकेचे माजी अध्यक्ष निक्सन यांची मुलाखत घेतली तेव्हा सुमारे २८ तासांचे चित्रण झाले, आणि त्या मे महिन्यात दीड दीड तासाचे चार भाग दाखवले गेले. निक्सन यांना त्यासाठी सहा लाख डॉलर ठरले होते. कात्री होती, पैसाही होता. तरी वॉटरगेटचा प्रश्न फ्रॉस्ट यांनी सोडला नाही. पुन्हा पुन्हा विचारला. याउलट एकही सेकंद न कापलेल्या तीन तासांत एकही प्रश्न नसू शकतो. पक्षपात बऱ्याचदा कॅमेरा सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो. कुणाला बोलावले, कुणाला नाही. कोणता प्रश्न आधीच वगळला. कोणत्या उत्तरावर मुलाखतकार नुसता "क्या बात है" म्हणून पुढे सरकला. न विचारलेला प्रश्न पडद्यावर दिसत नाही. म्हणून तो शोधावा लागतो.

हा नुसता वादविवादाचा विषय नाही. २०१८च्या अखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळाशाळांतून निघाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना लस द्यायची होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली आणि तिने मोबाइल पुढे केला. त्यात कुणी एक हकीम मुलाखत देत होते. ही लस आपल्या मुलांची वंशवेल तोडण्यासाठी आहे, असे त्यांचे म्हणणे. विचारणारा प्रत्येक वाक्याला "बेशक, बेशक" म्हणत होता. हकीमसाहेब, हे आपल्याला कुठून कळले? हीच लस सगळ्या धर्मांच्या मुलांना देतात, मग वंशवेल फक्त आपलीच कशी तुटेल? एवढे दोन साधे सवाल त्याला सुचले नाहीत. ती बाई अडाणी नव्हती. ती म्हणाली, "टीचर, इतने बडे आदमी झूठ कायको बोलेंगे?" तिने लस देऊ दिली नाही. पुढे २०२२च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. गर्दीची वस्ती, कुपोषण, आरोग्य केंद्रांची वानवा ही कारणे होतीच. पण लस न घेतलेली मुलेही होती, हे आपण विसरू नये. गोवराला आपला-परका कळत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत जो रोगन यांच्या प्रसिद्ध पॉडकास्टवर कोरोना लसीविषयी संशय पसरवणारी विधाने बिनविरोध ऐकवली गेली. २०२२च्या जानेवारीत डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि प्राध्यापकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र काढले, आणि गायक नील यंग यांनी ज्या स्पॉटिफायवर तो पॉडकास्ट होता तिथून आपली गाणी काढून घेतली. तेव्हा कुठे रोगन यांनी कबूल केले की वादग्रस्त मताच्या पाहुण्यानंतर लगेच वेगळ्या मताच्या तज्ज्ञाला बोलवायला हवे. हे त्यांना आधी कुणी शिकवायला हवे होते का? आमच्या बी.एड.च्या वर्गात पाठ घेताना दुसरी बाजू मांडली नाही तर निरीक्षक गुण कापत असत!

आता आपले काही मित्र म्हणतील, बाई, सगळी माध्यमे आपल्याविरुद्ध उभी असताना तुम्ही आपल्याच चॅनेलवाल्यांचे कान का धरता? हा सवाल मी हलका मानत नाही. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये मरकजच्या नावाने जे चालले ते मी पाहिले आहे. आमच्या गल्लीत येणाऱ्या भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवत होते. पण त्या प्रचाराला खरे उत्तर कुणी दिले? २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीसाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडले गेल्याची शक्यता न्यायालयाने बोलून दाखवली आणि माध्यमांतल्या प्रचारावर कडक ताशेरे ओढले. त्या निकालामागे कागदपत्रे होती, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद होते. त्यांच्या कर्कश आवाजाला आपल्या कर्कश आवाजाने जे उत्तर गेले ते दुसऱ्या दिवशी विरले. टिकला तो पुरावा. जो दुबळा आहे त्याला खोटे परवडत नाही. बलवानाचे खोटे पकडले गेले तर तो हसून पुढे जातो. आपले एक खोटे पकडले गेले की आपली दहा खरी गाऱ्हाणीही खोटी ठरतात.

आणि ही तपासणी आपल्याला परकी कधीपासून झाली? बातमी आणणारा कसा आहे ते पाहून आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणावर जुलूम कराल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. इ.स. ८७० मध्ये निधन पावलेल्या इमाम बुखारींसारख्या मुहद्दिसांनी हदीस स्वीकारण्याआधी सांगणाऱ्यांची साखळी तपासली. याने कुणाकडून ऐकले, ते दोघे भेटले असणे शक्य होते का, याची स्मरणशक्ती कशी, चारित्र्य कसे? अस्मा-उर-रिजाल हे रावींच्या चरित्रांचे शास्त्रच त्यातून उभे राहिले. मोठा परहेजगार माणूसही स्मरणशक्ती कच्ची असेल तर रावी म्हणून कमजोर ठरत असे. नेक आहे म्हणून त्याची रिवायत डोळे झाकून घेतली जात नव्हती. असा वारसा सांगणारा समाज आज "व्हॉट्सअपवर आलंय" म्हणून पुढे ढकलतो, याची शरम वाटायला हवी.

शेवटचे उदाहरण घरचेच देते. ९ जानेवारी २०२५ रोजी पत्रकार दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर लिहिले की फातिमा शेख ही व्यक्तिरेखा आपणच रचली. आपल्या लोकांत संतापाची लाट आली. मी वर्गात विचारले, आपण काय करायचे? मुले म्हणाली, निषेध. मी म्हटले, आधी कागद. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये काढलेले, मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय आणले. त्यात १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आहे आणि त्या पत्रात फातिमा आहे. मंडल यांचा दावा तिथेच कोसळतो. पण एका मुलीने पत्र दुसऱ्यांदा वाचले आणि विचारले, "टीचर, मग यात नऊ जानेवारी कुठे आहे?" पत्रात जन्मतारीख नाही. तरी ती आम्ही दरवर्षी फलकावर लिहीत होतो. मी त्या दिवशी फलकावरून तारीख पुसली, फातिमाचे नाव ठेवले. तिचा मान त्याने कमी झाला नाही. आता कुणी कितीही मोठ्या पॉडकास्टवर ती नव्हती म्हटले तरी माझी मुले घाबरणार नाहीत, कारण त्यांच्या हातात आहे तेवढे पक्के आहे.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही वर्गात एखादी मुलाखत ऐकतो. मुले वहीत चार गोष्टी लिहितात. कोण बोलले? कुणाला बोलावले नाही? कोणता प्रश्न गाळला? यात फायदा कुणाचा? एकदा त्यांनी हट्ट करून माझेच दोन्ही व्हिडिओ लावायला लावले. पहिल्यावर वह्या भराभर भरल्या. दुसऱ्यावर बराच वेळ शांतता होती. मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "टीचर, आठवीनंतर मुली शाळा सोडतात, हे तुम्ही आम्हाला नेहमी सांगता. इथं का नाही बोललात?"

मी म्हटले, बोलले होते. त्यांनी कापले, आणि मी गप्प बसले.

तिने वहीत तेही लिहून घेतले. आज ते मी इथे लिहिते आहे, म्हणजे माझा खुलासा पूर्ण झाला. आता आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये जो आपला माणूस बोलतो आहे, त्याच्या मुलाखतीत कोणता सवाल गाळला आहे, ते आपण शोधावे.