लेन्सपुढची काळी काच : घ्यावी की न घ्यावी?



नाशिक जिल्ह्यातील एका शेतकरी बंधूंचे पत्र आले आहे. ते लिहितात, "थोरला मुलगा लग्नांचे आणि शेतीचे व्हिडिओ काढतो. कॅमेरा कांद्याच्या पैशांतून घेतला. आता म्हणतो, लेन्सपुढे लावायला फिरती काळी काच पाहिजे. काळ्या काचेतून चित्र काळेच येणार ना? मग हा खर्च कशाला?"

शंका रास्त आहे. पण मुलगाही अगदीच चुकीचे मागत नाही.

रोपवाटिकेवर आपण पन्नास टक्क्यांची शेडनेट घालतो, तेव्हा ऊन निम्मे होते. रोपांचा रंग बदलत नाही. लेन्सपुढच्या या काचेचे काम तेच. तिला एनडी फिल्टर म्हणतात. उजेड एकदा निम्मा झाला की तो एक स्टॉप. एनडी ८ म्हणजे तीन स्टॉप, उजेड आठवा हिस्सा. एनडी ३२ म्हणजे पाच स्टॉप, बत्तिसावा हिस्सा.

आता गरज कुठे पडते ते पाहा. आपल्याकडे व्हिडिओ बहुधा सेकंदाला २५ चित्रे या गतीने काढतात. हालचाल डोळ्यांना सहज वाटावी म्हणून शटर १/५० सेकंद ठेवण्याची रीत आहे. परंतु भर उन्हात आयएसओ १०० आणि ॲपर्चर एफ/४ असेल, तर योग्य चित्रासाठी शटर १/१६०० च्या आसपास न्यावे लागते. मग मळणीयंत्र, चालती बैलजोडी, नवरदेवाची वरात, सारे झटके खात चालल्यासारखे दिसते. १/१६०० वरून १/५० वर यायचे तर उजेड बत्तीस पटीने कमी करायला हवा. म्हणजे पाच स्टॉप. ॲपर्चर एफ/१६ वा एफ/२२ पर्यंत बारीक करूनही उजेड कमी होतो, पण मग मागची पत्रे, तारा, खांब सगळेच ठसठशीत दिसतात आणि चित्राची धारही थोडी बोथट होते.

तेव्हा पहिला हिशेब हा : मुलगा मुख्यतः फोटोच काढत असेल, किंवा बहुतेक काम मांडवात आणि संध्याकाळचे असेल, तर ही काच आत्ता नको. उन्हातले व्हिडिओ हेच काम असेल, तर जरूर घ्यावी.

फिरत्या काचेला व्हेरिएबल एनडी म्हणतात. तिच्यात दोन पोलरायझिंग काचा एकापुढे एक असतात. उभ्या गजांच्या दोन खिडक्या समोरासमोर आहेत असे समजा. चपटी फळी उभी धरली तर दोन्हींतून पार जाते. एक खिडकी आडवी फिरवली की अडते. उजेडाचेही तसेच. पुढची कडी फिरवाल तसा उजेड कमी-जास्त होतो. ऊन ढगाआड गेले तरी काच काढावी लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

पण तिचे दोषही याच रचनेतून येतात. कडी शेवटापर्यंत फिरवली की चित्रावर काळी फुलीसारखी सावली उमटते, आणि रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर ती लवकर दिसते. निळे आभाळ एका बाजूला गडद, दुसरीकडे फिके येऊ शकते. पाण्यावरची, पानांवरची आणि चेहऱ्यावरची चमकही कडीबरोबर बदलते. हलक्या काचेतून चित्राला पिवळट वा हिरवट झाक येते.

म्हणून "जास्त स्टॉप तितकी चांगली" असे समजू नये. दोन ते पाच स्टॉपची काच बहुतेक कामाला पुरते. सावलीत दोन, भर उन्हात पाच. एकाच काचेत दोन ते दहा स्टॉप सांगणारा माल असेल, तर शेवटच्या खुणांवर फुली येते का ते आधी पाहावे. दोन्ही टोकांना अडणारी कडी असेल तर उत्तम. चुकून पुढे फिरत नाही.

दुकानात कॅमेरा आणि लेन्स घेऊनच जावे. लेन्स सर्वांत रुंद ठेवून पांढऱ्या भिंतीचे चित्रण करावे आणि कडी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी. फुली, डाग, रंगाची झाक तिथेच कळते. मग काच लावून आणि काढून दूरच्या पाटीवरची अक्षरे पाहावीत. अक्षरे पुसट झाली, तर स्वस्त असली तरी ती काच महागच पडते.

मापाची चूक अनेकजण करतात. लेन्सच्या पुढच्या कडेवर ६७, ७२, ७७ असे मिलिमीटरमध्ये माप लिहिलेले असते. घरातल्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाची एकच काच घ्यावी, आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग घ्यावी. रिंगेचा खर्च काचेच्या मानाने किरकोळ असतो.

पैशांची ओढ असेल, तर एनडी ३२ ची साधी, न फिरणारी काच घ्यावी. तिला फुलीचा त्रास नाही. उजेड बदलला की ती काढावी लागते, एवढीच अडचण.

घरातल्या माणसांना एक सक्त सूचना. या काचेतून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे डोळ्यांनी कधीही पाहू नये, मुलांना पाहू देऊ नये. उजेड कमी दिसला तरी न दिसणारे उष्ण किरण पार येतात आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.

पत्र लिहिणाऱ्या बंधूंना सांगणे एवढेच : मुलाला विचारा, येत्या हंगामात उन्हातली कामे किती आहेत? चार-पाच नक्की असतील तर त्याच्याबरोबर दुकानात जा आणि काच स्वतः डोळ्यांनी पारखा. बियाणे घेताना पाहता, तसेच.