विश्लेषण : परसातले घर राहणाऱ्याला की पर्यटकाला?

कॅलिफोर्नियात घराच्या मागच्या मोकळ्या जागेत छोटे घर बांधणे गेल्या काही वर्षांत खूप सोपे झाले आहे. पण ते घर दोन-चार रात्रींसाठी पर्यटकांना देता येईलच, असे नाही. एका हाताने दिलेली ही सवलत दुसऱ्या हाताने का काढून घेतली?

हे घर म्हणजे काय?

एकाच भूखंडावर मुख्य घराला जोडून, गॅरेजमध्ये बदल करून किंवा परसात उभारलेले, स्वतंत्र स्वयंपाकघर व न्हाणीघर असलेले दुय्यम घर. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एडीयू’ म्हणतात. बे एरियातील अनेक मराठी कुटुंबांनाही ते ठाऊक आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांची सोय त्यात होते.

परवानगी सोपी कशी झाली?

राज्यात घरांची टंचाई तीव्र आहे, तरी अनेक शहरे पार्किंग, शुल्क आणि शेजाऱ्यांच्या हरकती पुढे करून अशी बांधकामे अडवत. 2017 पासून राज्याने एकामागून एक कायदे करून शहरांचे हात बांधले. आता निकषांत बसणाऱ्या अर्जावर 60 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. 750 चौरस फुटांपर्यंतच्या घराला विकास-प्रभाव शुल्क नाही. सार्वजनिक वाहतूक अर्ध्या मैलाच्या आत असेल, तर वेगळ्या पार्किंगची सक्ती नाही.

मग अट कोणती?

राज्याच्या कायद्याने शहरांना ज्या घरांची परवानगी द्यावीच लागते, ती भाड्याने देताना मुदत 30 दिवसांपेक्षा जास्त हवी. शहरांचे नियम त्याहून कडक असू शकतात. लॉस एंजेलिसमध्ये मालक जिथे स्वतः राहतो, तेच घर नोंदणी करून पाहुण्यांना देता येते, तेही साधारणपणे वर्षाला 120 दिवस. 2017 नंतर परवानगी मागितलेले परसातले घर त्यात बसत नाही; मालक स्वतः त्यातच राहत असेल तरच अपवाद.

मालकांची तक्रार रास्त आहे का?

काही अंशी आहे. बांधकामासाठी मोठे कर्ज काढावे लागते. आईवडील परतल्यावर घर रिकामे राहते आणि पर्यटकांकडून मिळणारे रोजचे भाडे आकर्षक असते. शिवाय कायमचा भाडेकरू ठेवला, तर पुढच्या वर्षी आईवडिलांना जागा कुठून द्यायची?

मात्र 30 दिवसांहून जास्त मुदतीचा मार्ग खुला आहे. काही महिन्यांच्या करारावर येणाऱ्या परिचारिका, संशोधक, विद्यार्थी यांना अशीच जागा हवी असते.

आमचे मत

पार्किंग, शुल्क, हरकती यांतून ही सूट समाजाने दिली, ती शहरात राहायला जागा वाढावी म्हणून. त्या सवलतीवर लॉज चालवणे म्हणजे मूळ हेतूलाच बगल देणे. तेव्हा अट योग्यच आहे. फक्त तिची अंमलबजावणी शेजाऱ्याच्या तक्रारीवर सोडू नये. नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरात दिसणारच नाही, ही जबाबदारी बुकिंग संकेतस्थळांवर टाकायला हवी. न्यूयॉर्कने सप्टेंबर 2023 पासून नोंदणी नसलेल्या घरांचे बुकिंग स्वीकारण्यास या कंपन्यांनाच मनाई केली.

गोव्यात किनाऱ्यालगतची घरे झपाट्याने पर्यटकांकडे वळत असताना आपणही हाच प्रश्न विचारायला हवा : सवलत दिली, ती नेमकी कोणाच्या निवाऱ्यासाठी?